मनोऱ्याचा जिना

“आप्पा, आधी हात तरी मिळवा त्याच्याशी!” अंबिका दातावर दात ठेवून म्हणाली.

“हातच बघतोय त्याचा,” मी म्हणलं.

समोर तांबड्या दाढीचा, सहा फुटी दांडगा गोरा गडी हात पुढं करून उभा. मी तो हात धरला, पण हलवला नाही. उलटा करून तळवा बघितला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, करंगळीखाली दुसरा, आणि नखांच्या कडेला पांढरी भुकटी बसलेली. धुतली तरी न जाणारी. म्हणजे माझी पोरगी अंबिका फोनवर बोलली ते खरंच होतं. हातोड्याचा हात. तसाच माझा, तसाच माझ्या बापाचा, तसाच थोरल्या भावाचा.

मी तो हात सोडून दिला.

आठ वर्षं झाली ह्याला. तरी तो तळवा मला अजून दिसतो.

आम्ही पाथरवट. पाटे-वरवंटे केले, जाती केली, देवळाच्या पायऱ्या घडवल्या. नंतर मी राज्याच्या सीमेपलीकडच्या एका ग्रॅनाइटच्या कारखान्यात बावीस वर्षं कटिंगला होतो. शिक्षण माझं चौथी, तेही मास्तर शाळेत गूळशेंगा द्यायचे म्हणून. पोरगी मात्र लई हुशार निघाली. इंजिनेर झाली, पुढं शिकायला इंग्लंडला गेली, आणि तिथंच एका जुन्या गावातल्या भल्यामोठ्या चर्चात तिला नोकरी लागली. भिंतीला कुठं भेग, कुठं ओल, कुठला दगड कधी बदलायचा, हे बघायचं काम. कथेड्रल म्हणतात त्या चर्चाला. गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, ते सोडा.

आता भावाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिमाण्णा बेचाळिसाव्या वर्षी गेला. दगडाची भुकटी छातीत बसून. पहार एका हातानं उचलणारा माणूस, शेवटी शेवटी त्याला स्वतःच्या घराचा उंबरा चढवत नव्हता. पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, “हणमा, वारं कुठं गेलं रे सगळं?” वहिनी पस्तिशीत एकटी पडली. त्याच्या दहाव्याला नदीवर सगळ्या भावकीदेखत मी बोललो होतो: माझ्या पोरीला मास्तर बघीन, ड्रायव्हर बघीन, नाहीतर घरी ठेवीन, पण दगडवाल्याच्या घरात देणार नाही.

आणि पोरीनं सात समुद्र ओलांडून हुडकला कोण? चर्चाचा पाथरवट! नाव टोबी. आमच्याकडं असलं नाव कुत्र्याला ठेवतात.

“तुम्ही बघून या आप्पा. नाही म्हणलात तर मी करणार नाही,” ती फोनवर बोलली होती. ही पोर शब्दाची पक्की, म्हणजे सगळा भार माझ्या डोक्यावर. बायकोचे गुडघे तिला विमानापर्यंत पोचू देईनात. म्हणाली, “तुम्हीच जा. नीट बघा. आणि तोंड जरा कमी उघडा.”

तर असा मी, कानटोपी आणि जावयाला नाही म्हणायची तयारी घेऊन, त्या दारात उभा होतो.

आत गेलो आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मी कशाला आलोय तेच विसरलो. डोळे वर गेले ते खाली येईनात. खांब असे, की चार माणसांनी हाताला हात धरला तरी कवेत येणार नाहीत. दोन्ही बाजूंनी रांगच्या रांग, पार पलीकडच्या रंगीत काचेपर्यंत. प्रत्येक खांबाच्या डोक्यातून दगडाच्या फांद्या फुटलेल्या, त्या वर जाऊन एकमेकींना मिळालेल्या, आणि जिथं मिळाल्या तिथं दगडाचीच एक गाठ. गाठीवर पानं, फुलं, एका ठिकाणी तर जीभ बाहेर काढलेला माणूस. दुपारचं ऊन काचेतून येऊन फरशीवर निळं-तांबडं सांडलेलं. मी पाय उचलून पुढं टाकला, रंग पुसेल की काय म्हणून.

“कसं आहे, आप्पा?”

“थंडी आहे.”

“दगडाचं विचारतेय मी.”

“मऊ आहे. आमच्या काळ्या दगडासमोर हा म्हणजे खवाच.”

“खव्याचं आठशे वर्षं टिकलंय.”

“थंडीत ठेवलाय म्हणून,” मी म्हणलं. ती हसली. टोबीपण हसला. त्याला कितपत समजलं कोण जाणे.

एका कोनाड्यात दगडाचा सरदार उताणा झोपलेला. हात जोडलेले, आणि पायाशी एक छोटं कुत्रं.

“ह्या कुत्र्याचं नाव काय असेल?” मी अंबिकाला विचारलं. “टोबी?”

“आप्पा!”

टोबी माझ्याकडं वळला आणि चक्क मराठीत म्हणाला, “कुत्रा मला समजते. मी मराठी शिकते. थोडी थोडी.”

मी थक्क. पोरीकडून शिकलेला, तिचं ऐकून तसंच बोलणारा. एवढी मोठी दाढी, आणि मी शिकते, मी करते! हसू आलं होतं, पण मी ते कानटोपीत लपवलं. हसलो असतो तर अर्धा तिथंच विरघळलो असतो.

“वर जायला जिना आहे का?” मी विचारलं.

“मनोऱ्याला आहे. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत,” अंबिका म्हणाली. “तुम्हाला कशाला? लई अरुंद आहे.”

“मला जायचंय. ह्याला घेऊन. तू इथं खाली बस.”

“मी येते ना, बोलायला कोण मग तुमच्यात?”

“सासरा-जावई बघून घेतील.”

“जावई म्हणालात!”

“म्हणलो नाही. तोंडातून निसटलं.”

तिला वाटलं बाप नरमला. तसं नव्हतं. माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. भुकटी बसलेला माणूस सपाटीवर ओळखू येत नाही. हसतो, जेवतो, लग्नात नाचतो. तो ओळखू येतो चढणीला. आमच्यात नव्या गड्याला मुकादम आधी खाणीची चढण चढवायचा आणि मागनं कान लावून चालायचा. श्वासात बारीक शिट्टी आली, की समजायचं आत दगड बसलाय. मला ह्या टोबीची छाती ऐकायची होती. शिट्टी सापडली, की पोरीला सांगणार, बघ, तुझ्या तिमाण्णा काकासारखाच हा. मग विषयच मिटला.

कोपऱ्यात एक दार होतं. इतकं बुटकं, की टोबीला वाकून आत शिरावं लागलं. जिना गोल गोल फिरत वर जाणारा, दगडी खांबाला वेटोळं घातल्यासारखा. पायऱ्या मधोमध झिजून ताटलीसारख्या खोल झालेल्या. धरायला एक दोरखंड. टोबी पुढं, मी मागं, कान त्याच्या पाठीला लावून.

पहिल्या मजल्यावर बाजूच्या कमानींच्या वर एक लांब ओसरी होती. तिथून खाली बघितलं, तर अंबिका खुर्च्यांच्या रांगेत चिमणीएवढी दिसत होती.

“थांब, हे बघू दे,” मी म्हणलं आणि भिंतीला टेकलो.

टोबीनं मोबाइलचा उजेड भिंतीवर तिरका पाडला. दगडावर एक खूण उठली, कोंबडीच्या पायासारखी. पुढं आणखी एक, मग वेगळ्या कुणाची तरी बाणासारखी. त्याचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, बाकी हातवारे. मी माझ्या भाषेत सांगतो.

“ही त्या माणसाची सही,” तो म्हणाला. “नाव माहीत नाही कुणाला. कोंबडीचा पाय म्हणजे हा एक माणूस. खालच्या भिंतीत त्याचे शंभरावर दगड आहेत. इथपर्यंत आहेत. ह्याच्या वर नाहीत.”

“का? मेला?”

“किंवा दुसऱ्या गावाला गेला कामाला.”

“तू नेहमी असं चांगलंच बोलतोस का रे?”

“अंबिका पण हेच विचारते,” तो म्हणाला, आणि त्या कोंबडीच्या पायावरून त्यानं अंगठा फिरवला. आपण लहान पोराच्या कपाळावरून फिरवतो तसा.

मला ते आवडलं. आवडलं म्हणून रागच आला.

पुन्हा जिना. पुन्हा गोल गोल. मी ऐकत होतो. शिट्टी नाही. खरखर नाही. एवढा देह, पण चाल मांजराची.

त्याच्या वर आम्ही छताच्या पोटात शिरलो. खालून जो फांद्यांचा मांडव दिसला होता ना, त्याची ही वरची बाजू. वरून बघितलं तर पालथ्या घातलेल्या मोठ्या मोठ्या कढया. ओबडधोबड, चुना थापलेला, कुणी हातानं सारवल्यासारखा. आमच्या डोक्यावर जाडजूड लाकडांची पांजरणी, म्हणजे छपराचा सांगाडा, आणि चालायला मधून फळ्या टाकलेल्या. मी फळीवर उभा राहिलो आणि एकदम ध्यानात आलं, की माझ्या पायाखाली हातभर दगड आहे आणि त्याच्या खाली नुसती हवा.

“घाबरू नका. जड आहे म्हणून पडत नाही,” टोबी म्हणाला. “प्रत्येक दगड दुसऱ्याला ढकलतो. एकानं ढकलायचं बंद केलं, की सगळे खाली.”

“आमच्या भावकीसारखं,” मी म्हणलं. हे त्याला समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली, पण समजल्यावर तो असा हसला की वरची कबुतरं उडाली.

तिथंच एक लाकडाचं चाक होतं, दोन पुरुष उंच. पूर्वी माणूस त्याच्या आत शिरून चालायचा, चाक फिरायचं, दोर गुंडाळायचा, आणि खालून दगड वर यायचा. सबंध दिवस चालायचं आणि पोचायचं कुठंच नाही. मी त्याच्या आऱ्याला धरून उभा राहिलो आणि शेवटचा डाव टाकला.

“अरे, माझी टोपी! खालच्या ओसरीत राहिली वाटतं.”

टोपी मी चढतानाच काढून कोटाच्या खिशात घातली होती.

“मी आणते,” तो म्हणाला आणि गेलासुद्धा. धडधड धडधड पाय खाली गेले. मी चाकाच्या लाकडावर बसलो, एकटाच, बराच वेळ. मग पाय परत वर येताना ऐकू आले, दोन दोन पायऱ्या एकदम. दारात आला, घामानं चेहरा लालबुंद.

“नाही सापडली.”

“हिकडं ये.”

तो जवळ आला. मी उठलो आणि सरळ त्याच्या छातीला कान लावला. तो बिचारा हात वर करून उभा राहिला, पोलिसानं पकडल्यासारखा. मी डोळे मिटून ऐकलं. आत बाहेर, आत बाहेर. लोहाराचा नवा भाता. शिट्टी नाही, खरखर नाही, कुठं अडत नाही. चाळीस वर्षं मी दगड वाजवून बघितलेत. बद्द आणि खणखणीत ह्यातला फरक मला झोपेतही कळतो. हा खणखणीत होता.

“काय ऐकता?” त्यानं हळूच विचारलं.

“काही नाही. ही बघ टोपी, खिशातच होती.”

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. नाही म्हणायला माझ्याजवळ ते एकच कारण होतं, आणि ते पण ह्या गड्यानं दोन दोन पायऱ्या चढून घालवलं होतं.

“चला खाली,” तो म्हणाला. “बस आता. अंबिका वाट बघते.”

“अजून मनोरा कुठं झाला? चल वर.”

“वरचा जिना वाईट आहे.”

“चल म्हणतो ना.”

तो माझ्याकडं जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही पुढं. मी मागं.”

वरचा जिना आणखी अरुंद. दोन्ही खांदे भिंतीला घासत होते. मी पंधरा पायऱ्या चढलो, वीस चढलो. मग उजेडाची एक फट आली, तिथं थांबलो. “हे बघू दे,” म्हणलं. फटीतून बघण्यासारखं काही नव्हतं, पावसाचं पाणी काढायचा एक नळ आणि आभाळ. पुन्हा दहा पायऱ्या. आणि मग वारं गेलं.

तिमाण्णा म्हणायचा तसंच. तोंड उघडं, छाती उघडी, आणि वारं मात्र कुठंच नाही. दोर हातातून सुटला. मी मागं गेलो, तो थेट त्याच्या अंगावर. भिंतीवर आदळावं तसा. तो हलला नाही. मला त्यानं पायरीवर बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर गुडघा टेकला, माझा मफलर सोडला.

“ओठ असे करा. चहा गरम आहे. फुंका. हळू. आणखी हळू. आता आत घ्या.”

मी फुंकत राहिलो. किती वेळ गेला काय माहीत. मध्ये खोकला आला, जिन्यात घुमला, वर कुठंतरी जाऊन परत आला. शेवटी वारं आलं, जरा जरा, विहिरीत पाणी फुटतं तसं.

त्यानं माझ्या पाठीवर तळवा ठेवला, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्याच्यावर ठोकलं. एका जागी, मग खाली, मग आणखी खाली. मान तिरकी करून ऐकत. दगड ऐकावा तसा.

“डस्ट,” तो म्हणाला.

“दमा आहे. थंडीचा.”

“नाही, आप्पा. डस्ट.” आप्पा म्हणाला. पहिल्यांदाच. “माझा उस्ताद होता. वॉल्टर. त्यानं मला काम शिकवलं. तो शेवटी असाच जिन्यात बसायचा. मी चहा म्हणायची, तो फुंकायचा.”

“गेला?”

“गेला. त्याच्या नंतर सगळं बदललं. आता पाणी मारतात, धूळ ओढायचा पाइप आहे, तोंडाला मास्क. वर्षाला एकदा छातीचा फोटो. माझा चांगला आहे. तुम्ही विचारलं असतं तर दाखवला असता.” मग जरा थांबून म्हणाला, “टोपी हरवायला नको होती.”

कळलं होतं बेट्याला सगळं!

मी खाली मान घालून बसलो. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्याच्या पाच वर्षं आधी मिरजेच्या डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला होता. सकाळचं धुकं पडावं तशा दोन्ही बाजू. बायकोला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. पोरगी तेव्हा नुकती इथं लागलेली. तिला कळलं असतं तर पहिल्या विमानानं परत आली असती, आणि गावात बसली असती माझी औषधं मोजत. ह्यासाठी शिकवली होती काय तिला?

“अंबिकाला माहीत आहे?” त्यानं विचारलं.

“नाही. आणि कळता कामा नये.”

तो उठायला लागला.

“ऐक,” मी त्याचं मनगट धरलं. “तुला माझी पोर पाहिजे ना? दिली. आत्ता, इथं, ह्या पायरीवर. माझा शब्द. भावकीला काय सांगायचं ते मी बघतो. तू फक्त खाली जाऊन गप्प बस. आप्पाला चक्कर आली म्हण, उंचीची भीती वाटली म्हण. एवढंच कर.”

त्याला सगळं समजलं का नाही म्हणून मी हातवारे करून पुन्हा सांगितलं. पोर तुझी, तोंडावर बोट. सोपं होतं.

त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं आनंदानं. पण त्यानं मान हलवली.

“नको.”

“काय नको?”

“असं नको. ती मला रोज विचारते, आप्पा फोनवर का खोकतात? मी खोटं बोलू? मग रोज बोलू. मी नाही करत.”

“मग पोर पण नाही!”

“नाही तर नाही,” तो म्हणाला. मनगट मात्र त्यानं सोडवलं नाही. “तुम्ही तिला सांगा. आज. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते. मग तुम्ही मला नाही म्हणा. चालेल.”

मला असा राग आला म्हणता! परक्या मुलखात, अंधाऱ्या जिन्यात, छातीत वारं नाही, आणि हा कालचा पोरगा मला अटी घालतोय. शिव्या दिल्या मी. आमच्या खाणीतल्या, नीट निवडून. त्याला त्या अंबिकानं शिकवलेल्या नव्हत्या, म्हणून तो शांतपणे ऐकत राहिला. आणि शिव्या देता देता मला दम लागला, तर म्हणाला, “फुंका. चहा.”

मी फुंकलं.

उतरताना तो पुढं झाला, पण पाठ करून नाही. माझ्याकडं तोंड करून, उलटा, एकेक पायरी खाली. माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यावर. मी घसरलो असतो तरी त्याच्यावरच पडलो असतो. त्या झिजलेल्या ताटल्यांवरून तो उलट्या पायांनी मला खाली घेऊन आला.

अंबिका खुर्चीतून उठून पळतच आली.

“काय झालं? तोंड असं का पांढरं पडलंय? टोबी?”

टोबी माझ्याकडं बघत होता. मग तो दहा पावलं लांब गेला आणि एका खांबाकडं तोंड करून उभा राहिला. शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

“अंबे, बस.”

“उभीच बरी आहे मी.”

“बस म्हणतो ना.”

ती बसली. मी शेजारच्या खुर्चीत बसलो. वर तो दगडाचा मांडव, त्यातला जीभ काढलेला माणूस थेट माझ्याकडं बघत होता.

“तिमाण्णाला होतं ते मला आहे,” मी म्हणलं.

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली.

“कधीपासून?”

“पाच वर्षं. फोटो काढला तेव्हा कळलं.”

“पाच वर्षं! मी दर रविवारी फोन करते, आप्पा. दर रविवारी विचारते, खोकला कसला.”

“मग सांगत होतोच की. आई फोडणी टाकतेय.”

“दर रविवारी संध्याकाळी सहाला फोडणी?”

“तूच म्हणायचीस, आई मिरच्या किती घालते.”

“आईला माहीत होतं?”

“फोडणी तिनंच सुचवली.”

ती हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, आणि मग तिनं माझ्या दंडावर बुक्की मारली. जोरात. दुसरी मारली. तिसरीला हात उचलला आणि तो तसाच माझ्या गळ्यात टाकून रडायला लागली. लांबवर झाडू मारणारी एक म्हातारी बाई थांबली, आमच्याकडं बघितलं, आणि दुसरीकडं झाडायला गेली. भली बाई.

“मी सगळं सोडून आले असते,” ती म्हणाली.

“म्हणूनच.”

“त्याला का सांगितलं आधी? मला सोडून?”

“त्याला सांगितलं नाही. त्यानं हुडकलं. मी म्हणलं, गप्प बस, पोर देतो. तर नको म्हणाला.”

तिनं मान वर केली. “काय?”

“नको म्हणाला. तिच्यापासून लपवून ठेवायचं असेल तर पोर पण नको. मी लई शिव्या दिल्या.”

तिनं खांबाकडं बघितलं. टोबीची पाठ दिसत होती. दाढीवरून हात फिरवत होता, पुसत होता म्हणा.

मी उठलो.

“कुठं निघालात?”

“बाहेर. सुपारी काय त्यांच्या देवळात फोडायची? ती झाडूवाली बाई मारेल मला.”

“सुपारी? कसली सुपारी?”

मी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची गाठ काढली. निघताना बायकोनं बांधून दिली होती. म्हणाली होती, मनाला पटलं तर फोडा, नाही पटलं तर परत आणा, देवापुढं ठेवीन. तोंड कमी उघडा म्हणणारी बाई, पण तयारी सगळी करून देणारी.

“थांबा,” अंबिकानं गाठीवर हात ठेवला. डोळे पुसले नव्हते, पण आवाज एकदम तिच्या आईचा. “उद्या डॉक्टरकडं यायचं. इथल्या. मी सांगीन ती औषधं, सांगीन तेवढे दिवस. कबूल असेल तर फोडा.”

“मला त्यांची भाषा येत नाही.”

“मी सांगीन त्यांना. सगळं खरं सांगीन. कबूल?”

“कबूल, बाई, कबूल.”

दाराबाहेर एक दगडी देवडी होती, दोन्ही बाजूंना बसायला दगडाचे कट्टे. टोबी म्हणाला, जुन्या काळात लग्नं इथंच लागायची, चर्चाच्या आत नाही, दारात. सगळ्या गावाला दिसावं म्हणून. मग सगळे आत जायचे. मी म्हणलं, म्हणजे तुमच्यातही जुनी माणसं शहाणी होती.

तो पळत जाऊन त्याचा हातोडा घेऊन आला. मी कट्ट्यावर रुमाल पसरला, वर सुपारी ठेवली. हातोडा हातात घेतला. जरा हलका होता, पण तोल चांगला. एकच घाव घातला. तीन फाका झाल्या, अगदी सारख्या नाहीत, पण तीन.

एक अंबिकाला दिली. एक टोबीला दिली. त्यानं ती लगेच तोंडात टाकली, कडकड चावली, आणि त्याचं तोंड जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पण थुंकली नाही. गिळली.

“तिसरी तुमची,” अंबिका म्हणाली.

“माझी कशी? तुझ्या आईची.” मी ती फाक रुमालात पुन्हा बांधली, खिशात ठेवली, आणि म्हणलं, “आता फोन लाव तिला. आणि सांग, आजपासून फोडणी बंद.”